सपाटीवरचे गिर्यारोहक

इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च शिखरावर जायचं तर बुटांच्या आधी कॅलेंडर काढावं लागतं. चार्ल्स माउंड हे त्या शिखराचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची १,२३५ फूट, आणि ते आहे खाजगी मालकीच्या जमिनीत. मालक मंडळी दिलदार. जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी ती लोकांना वर जाऊ देतात. एरवी शिखर बंद. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांचं सर्वोच्च टोक गाठायचं व्रत घेतलेले लोक आहेत, त्यांचा हायपॉइंटर्स क्लब नावाचा रीतसर क्लबही आहे. अलास्कातलं २०,३१० फुटी डेनाली सर करून आलेला त्यांच्यातला एखादा वीरसुद्धा इथे मात्र जूनच्या पहिल्या शनिवारची वाट बघत बसतो.

हा १,२३५ चा आकडा पुण्याच्या माणसाला सांगण्यात धोका आहे. पुणे शहरच मुळी समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फुटांवर वसलेलं. म्हणजे सदाशिव पेठेत तळमजल्यावर पेपर वाचत बसलेला गृहस्थ, जागचा न हलता, इलिनॉयच्या शिखरापेक्षा जवळजवळ सहाशे फूट वर असतो. आपण वर आहोत हे त्याला आधीपासून ठाऊक होतंच, फक्त पुरावा हाताशी नव्हता. इंडियानाचं सर्वोच्च टोक १,२५७ फूट, ओहायोचं १,५५०, आयोवाचं १,६७०. ही तिन्ही राज्यंही गृहस्थांच्या चपलेखालीच राहतात. विस्कॉन्सिनचं टिम्स हिल १,९५१ फुटांवर जाऊन जरा इभ्रत राखतं, पण तेही गृहस्थ उठून पर्वतीवर जाईपर्यंतच. शिकागोकरांनी मग निसर्गाचा नाद सोडून विलिस टॉवर बांधला. त्याचा स्कायडेक रस्त्यापासून १,३५३ फुटांवर, म्हणजे राज्याच्या शिखराकडे वरून बघणारा. पर्वतीला पायऱ्या १०३ आणि स्कायडेकही १०३ व्या मजल्यावर, हा योगायोग. स्कायडेकला लिफ्ट मिनिटभरात पोचवते आणि तरीही पर्वतीच उंच भरते.

ही सपाटी आपोआप आलेली नाही, तिच्यावर मेहनत झालेली आहे. हिमयुगात उत्तरेकडून हजारो फूट जाडीचा बर्फ पुन्हा पुन्हा खाली सरकला आणि वाटेत जे उंच दिसलं ते खरवडून जे खोल दिसलं त्यात भरत गेला. शिकागो जिथे आहे तिथे बर्फ वितळल्यावर प्रचंड तळं साचलं होतं. आजचं शहर त्या तळ्याच्या तळावर उभं आहे, आणि तळावर चढ-उतार असावेत अशी अपेक्षाच चुकीची. बर्फाने माघार घेताना कडेला माती-गोट्यांचा जो राडारोडा टाकला, त्याला भूशास्त्रात मोरेन म्हणतात आणि शिकागोच्या परिसरात टेकडी.

अशा मुलखात शनिवार-रविवारी ‘आउटडोअर’ जाण्याची जबरदस्त हौस आहे. ज्यांच्या दारात डोंगर असतो ते त्याच्याकडे बघून चहा पितात. ज्यांच्या दारात नसतो ते गाडीच्या टपावर दोन कयाक, मागे चार सायकली आणि आत तंबू भरून तीन तास हाकत जातात. अंतर इथे मैलांत सांगतच नाहीत, तासांत सांगतात, आणि पाच तासांपर्यंतच्या सगळ्याला ‘इथेच तर आहे’ म्हणतात.

शिकागोच्या पश्चिम आणि वायव्य उपनगरांत, म्हणजे नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग या बाजूला, मराठी घरं पुष्कळ. मे-जून उजाडला की या घरांत भारतातून आई-बाबा येतात. बाबांनी निवृत्तीनंतर दर रविवारी सिंहगड केलेला असतो. जेटलॅग उतरतो, आणि एका सकाळी ते मागच्या अंगणात उभे राहून क्षितिजावर एक फेरी मारतात.

“अरे, इथे डोंगर कुठल्या बाजूला आहेत?”

मुलगा पश्चिमेकडे हात करतो.

“किती लांब?”

“पंधरा तास.”

“चालत?”

“गाडीने, बाबा. कोलोरॅडोत.”

बाबांचा चेहरा बघून सून मध्ये पडते आणि जवळचा एक डोंगर सुचवते. नेपरव्हिलला लागूनच वॉरनव्हिलमध्ये ब्लॅकवेल फॉरेस्ट प्रिझर्व्ह आहे आणि त्यात माउंट हॉय. उंची आसपासच्या जमिनीपासून सुमारे दीडशे फूट. हिवाळ्यात पुरेसा बर्फ पडला की पोरं टायरच्या ट्यूबवर बसून त्यावरून सुसाट खाली येतात, उन्हाळ्यात माणसं व्यायामाला चढतात. छान गवत, वरून दूरवरचं दिसतं. बाबा खूश होऊन चढतात आणि वर पोचल्यावर त्यांना सांगण्यात येतं की हा डोंगर कचऱ्याचा आहे. १९६० च्या दशकापासून ७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे थरावर थर देऊन कचरा रचला, माती लोटली, गवत लावलं आणि माउंट असं नाव दिलं. शिकागोच्या उत्तरेला एव्हन्स्टनमध्येही असाच एक आहे. तो घसरगाडीसाठी लोकप्रिय, आणि लोक त्याला माउंट ट्रॅशमोर म्हणतात.

“म्हणजे आपलं फुरसुंगी,” बाबा म्हणतात. तेवढ्यावरच ते थांबत नाहीत. फुरसुंगीच्या कचऱ्याच्या ढिगावर तिकीट लावून ट्यूबा भाड्याने दिल्या तर महापालिकेचं उत्पन्न किती वाढेल, याचा हिशेब ते उतरताना मांडतात.

पुढच्या आठवड्यात खरी सहल. पूर्वेला तासाभरावर इंडियाना ड्यून्स लागतं. मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाशी पंधरा मैलांचा वाळूचा किनारा, त्यामागे वाळूच्या टेकड्या, दलदली, ओकची जंगलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला, देशातलं ६१ वं. यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यनच्या पंगतीत आता याचंही पान आहे. एका हाताला पोलादाचे कारखाने आणि दुसऱ्या हाताला मिशिगन सिटीच्या वीजकेंद्राचा अवाढव्य कूलिंग टॉवर अशा शेजारात जेवायला बसलेलं हे एकच. तरीही जागा सामान्य नाही. हेन्री काउल्स नावाच्या शिकागोच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच वाळूत हिंडून, उघड्या वाळूपासून जंगलापर्यंत झाडांच्या पिढ्या कशा बदलतात याचा अभ्यास मांडला आणि अमेरिकेतल्या परिसंस्थाशास्त्राला जोर आला. ती वाळू वाचवायला इंडियानापेक्षा इलिनॉयचे सिनेटर पॉल डग्लस जास्त भांडले, कारण इंडियानाच्या पुढाऱ्यांना तिथे बंदर आणि कारखाने हवे होते. शेजारच्या राज्याचा ढिगारा वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनमध्ये भांडणारा माणूस सपाटीवरूनच निवडून येऊ शकतो.

नॅशनल पार्कच्या कुशीत इंडियाना राज्याचं वेगळं स्टेट पार्क आहे, त्याचं शुल्कही वेगळं. इथला मुख्य पराक्रम म्हणजे ‘थ्री ड्यून चॅलेंज’. माउंट जॅक्सन १७६ फूट, माउंट होल्डन १८४ फूट, माउंट टॉम १९२ फूट. तिन्ही एका दमात चढायचे, दीड मैलाची वाट, एकूण चढ ५५२ फूट. पुरं करणाऱ्याला स्टिकर मिळतो.

हे आकडे ऐकून सिंहगडवाले बाबा जो हसतात, तो हशा माउंट जॅक्सनच्या निम्म्यावर थांबतो. वाळूत दोन पावलं टाकली की एक मागे येतं. वर ऊन, बुटात वाळू, आणि शेजारून एक अमेरिकन आजी पाठीवर नातू बांधून ‘गुड जॉब!’ म्हणत पुढे निघून जातात. माउंट होल्डनवर बाबा फोटो काढायला थांबतात. माउंट टॉमच्या लाकडी पायऱ्यांवर ते फोटो न काढताही थांबतात. खाली आल्यावर मात्र स्टिकर मागायला सगळ्यात आधी तेच पोचलेले असतात. तो स्टिकर गाडीला लावू देत नाहीत, बॅगेत नीट ठेवतात. पुण्याच्या एखाद्या ॲक्टिव्हावर इंडियानाच्या वाळूचा पुरावा दिसला तर नवल वाटायला नको.

याच किनाऱ्यावर माउंट बाल्डी आहे, १२६ फूट उंच. हा डोंगर चालतो. सरोवरावरचा वारा त्याला दरवर्षी काही फूट आत ढकलतो आणि तो वाटेतली झाडं गिळत जातो. गंमत इथेच संपते. २०१३ च्या जुलैमध्ये या टेकडीने सहा वर्षांच्या एका मुलाला गिळलं. वाळूखाली गाडलेली जुनी झाडं कुजून आत पोकळ नळ्या उरल्या होत्या, त्यातल्या एकीत तो गेला. तीन तासांहून जास्त वेळ खणून त्याला सुमारे अकरा फुटांखालून जिवंत बाहेर काढलं. तेव्हापासून बाल्डीच्या अंगावर रेंजरशिवाय जाता येत नाही. १२६ फुटांचा डोंगर हसण्यावारी नेणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकून घ्यावी.

मिशिगन सिटीजवळ याहून मोठी, दोनशे फुटांच्या घरातली हूझियर स्लाइड नावाची टेकडी होती. ती आता नाही. काच करणाऱ्यांना वाळू हवी होती, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अख्खी टेकडी रेल्वेच्या वाघिणींत भरभरून नेली. गिऱ्हाइकांत बरण्या करणारी बॉल ब्रदर्स कंपनी होती. त्या जागी आज वर सांगितलेलं वीजकेंद्र आहे. आसपासच्या राज्यांत उंचवट्याची एवढी वानवा असताना होती ती टेकडी बरण्यांत घालून विकली, यावर काय बोलणार? शिकागोच्या मराठी घरांत कैरीचं लोणचं आजही बॉलच्या बरणीतच मुरतं. ती बरणी अर्थात पुष्कळ नंतरची, उगाच टेकडीबद्दल हळहळत लोणचं खायचं कारण नाही.

सरोवराबद्दल दोन शब्द, कारण पाहुणे सगळ्यात जास्त तिथेच फसतात. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पुळण आहे, बगळ्यासारखं काही तरी उडत असतं. रत्नागिरीकडच्या मावशी सवयीने ओंजळभर पाणी तोंडाला लावतात आणि चमकून बघतात. “अळणी आहे की गं!” समुद्रावर येऊन पाणी अळणी लागलं की कोकणी माणसाला फसवल्यासारखं वाटतं. जूनमध्येही हे पाणी घोटे बधिर करतं. आणि लाटा छोट्या दिसतात म्हणून धाक नाही असं मुळीच नाही. किनाऱ्यापासून आत ओढणारे प्रवाह इथे जोरदार आहेत आणि दरवर्षी माणसं बुडतात. लाल झेंडा लागला की काठावर बसून भेळ खावी. भेळ सोबत असतेच.

सामानाबद्दल इथे सांगायला हवं. अमेरिकन माणूस दिवसभराच्या हाइकला एक सँडविच, एक सफरचंद आणि पाण्याची बाटली नेतो. मराठी मिनीव्हॅनमध्ये दोन कूलर असतात. एकात श्रीखंड, काकडीची कोशिंबीर, पन्हं आणि मॅरिनेट केलेलं पनीर. दुसऱ्यात ‘असू दे’ या सदरातलं सगळं. त्याशिवाय डब्यात थालीपीठं, भडंग, दोन प्रकारचा चिवडा, इलेक्ट्रिक किटली (स्टेट पार्कच्या पिकनिक शेडमध्ये एखादा प्लग असतो, तो कुठल्या खांबावर आहे हे काकूंना पाठ असतं) आणि आल्याचा तुकडा. सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप महिनाभर आधी बनतो. त्यातले पंचाण्णव टक्के संदेश कोण काय आणणार याबद्दल, चार टक्के गुड मॉर्निंगचे, आणि उरलेल्या एका टक्क्यात ग्रुप ॲडमिन बिचारा विचारत असतो की ट्रेल किती मैलांचा करायचा.

शिकागोहून नैर्ऋत्येला निघालं की दोन्ही बाजूंना मका सुरू होतो. जुलैत तो पुरुषभर उंच होतो, आणि दीड तास खिडकीबाहेर दुसरं काही दिसत नाही. आयोवाखालोखाल सगळ्यात जास्त मका पिकवणारं हे राज्य. बाबांच्या तोंडाला पाणी सुटतं. “एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहू या, दहा-बारा कणसं देईल.” मग त्यांना कळतं की या मक्यातला बराचसा जनावरांच्या खाद्यासाठी आणि गाडीच्या इथेनॉलसाठी आहे. कठीण, पिठूळ दाण्याचा. भाजून तिखट-मीठ-लिंबू लावायचा मका वेगळा, तो दुकानातून आणावा लागतो. शंभर मैल मक्यातून गाडी हाकून कोळशावर भाजायला कॉस्टकोतून आणलेलं कणीस काढायचं, असा हा प्रवास.

या मक्याच्या पलीकडे, इलिनॉय नदीच्या काठी, स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्क येतं. वालुकाश्मात कोरलेल्या अठरा घळी, बहुतेकांच्या टोकाला धबधबा. हिमयुगाच्या शेवटी बर्फाचं पाणी लोंढ्याने सुटलं, त्यात या घळी कापल्या गेल्या. आत शिरल्यावर गार अंधार, शेवाळ, वाकलेल्या भिंती. सांदण दरी पाहिलेल्यालाही थोडं थांबून वर बघावंसं वाटेल. धबधब्यांबद्दल मात्र एक सूचना: ते पावसावर आणि वितळत्या बर्फावर चालतात. एप्रिलमध्ये देखणे, ऑगस्टमध्ये नळाचा वॉशर गेल्यासारखे. सेंट लुई कॅन्यनच्या त्या थेंबांसमोर रांग लावून फोटो काढणारी गर्दी बघितली की या लोकांची श्रद्धा कळते. वर्षाला वीस लाखांच्या वर माणसं इथे येतात.

ज्या खडकावरून पार्कला नाव मिळालं तो नदीपात्रापासून १२५ फूट उंच. १६८२ च्या हिवाळ्यात ला साल या फ्रेंच मोहीमवीराने त्यावर सेंट लुई नावाचा किल्ला बांधायला घेतला. त्याच १६८२ साली इकडे नाशिकजवळच्या रामशेजला मोगलांनी वेढा घातला होता, जो पाचेक वर्षं चालला. त्यामुळे किल्ला हा शब्द कानावर पडताच मराठी ट्रेकरच्या अंगात येतं. तो खडकाला फेरी मारून दरवाजा कुठे असेल, माची कुठली, चोरवाट कुठून, हे हातवारे करत सांगायला लागतो. वर प्रत्यक्षात काही उरलेलं नाही. लाकडी जिना, लाकडी कठडा आणि माहितीफलक आहे.

माहितीफलकाला जोडून दंतकथा आहे. १७६० च्या दशकात इलिनॉय जमातीच्या लोकांनी पाठलाग करणाऱ्या शत्रूंपासून वाचायला या खडकाचा आसरा घेतला. शत्रूने वेढा दिला. वरच्यांनी नदीतून पाणी शेंदायला दोरीने भांडी सोडली, तर खालच्यांनी दोऱ्या कापल्या. अन्नपाण्यावाचून लोक मेले. इतिहासकारांना या वेढ्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही, पण गोष्ट अंगावर येते. सगळे गप्प होतात. मग ग्रुपमधला सर्वांत अनुभवी गडप्रेमी मान हलवत म्हणतो, “वर पाण्याचं टाकं खोदलेलं नव्हतं. तिथेच चुकलं.”

पार्कभर लाकडी पायऱ्या आणि फळ्यांच्या वाटा आहेत आणि त्या सोडू नका अशा पाट्या. हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांवर खोबणीत बोटं रुतवून चढलेल्यांना हे मवाळ वाटतं. पण वालुकाश्म ठिसूळ, कडे सरळ, आणि पाटी न मानणारे इथे पडून मेलेले आहेत. पॉयझन आयव्ही हा तिसरा पहारेकरी. तीन-तीन पानांची ही देखणी वेल अंगाला लागली की दोन आठवडे खाज. त्यापुढे जंगलखात्याने दंड लावायची गरज उरत नाही.

यापुढची पायरी म्हणजे परदेशगमन, अर्थात विस्कॉन्सिन. इलिनॉयच्या गाड्या तिकडे उन्हाळाभर लोटतात, विस्कॉन्सिनचे लोक त्यांना सहन करतात, त्यांच्याकडून प्रवेशशुल्क स्वतःच्या लोकांपेक्षा जास्त घेतात आणि त्यांच्यासाठी एक तीन अक्षरी संबोधन वापरतात, जे घरी वाचल्या जाणाऱ्या मासिकात छापता येत नाही.

तीन तासांवर बाराबू गावाजवळ डेव्हिल्स लेक आहे. इथे पहिल्यांदाच बाबा गप्प होतात आणि नंतर म्हणतात, “हां. याला कडा म्हणायचं.” तळ्याच्या दोन बाजूंना पाचशे फुटी जांभळट-गुलाबी कडे, खाली गाडीएवढ्या शिळांचा खच. बर्फ सरकत सरकत इथवर आला आणि थांबला. जाताना त्याने जुन्या नदीच्या घळीची दोन्ही तोंडं राडारोड्याने बुजवली, मध्ये पाणी अडलं, तळं झालं. खडक क्वार्ट्झाइट, वय दीडशे कोटी वर्षांहून जास्त. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपासचा. ज्येष्ठतेचा मुद्दा निघाला तर सह्याद्रीने उठून जागा द्यायला हवी, पण हे तिथे मोठ्याने बोलून दाखवायची कुणाची छाती होत नाही. बॅलन्स्ड रॉककडे चढणारी वाट आखूड आणि खडी आहे, दगडी पायऱ्यांची. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम म्हणून सरकारने इथल्या वाटा बांधून घेतल्या. क्वार्ट्झाइट ओला झाला की साबण. वर पोचल्यावर मुलगा कड्यावरून खाली बघतो आणि बाबा त्याच्या शर्टाची मागची कड धरून उभे राहतात. मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे याने काही फरक पडत नाही.

इथे कॅम्पिंग करायचं तर पराक्रम डोंगरावर नाही, संगणकापुढे करायचा. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कातली तंबूची जागा अकरा महिने आधी राखता येते. म्हणजे पुढल्या जुलैतल्या शनिवारसाठी या ऑगस्टमध्ये सकाळी लॉगइन करून बसायचं. लग्नाचा हॉल यापेक्षा उशिरा ठरतो. शिवाय अट अशी की शेकोटीचं लाकूड पार्कपासून दहा मैलांच्या आतलं हवं, नाहीतर प्रमाणित, कारण दूरच्या लाकडातून ॲश झाडं मारणारा हिरवा भुंगा पसरतो. घरच्या अंगणात पडलेली फांदी मायेने तीन तास वाहून आणणाऱ्या काकांना गेटवर हे कळतं. ते वाद घालतात. ‘आमच्या फांदीला कीड नाही’ हे वाक्य इंग्रजीत तितकंसं ठाम वाटत नाही.

तंबू उभारणं हा सामूहिक कार्यक्रम. चार अभियंते, दोन खांब, सूचनापत्रक गाडीत राहिलेलं. शेजारच्या जागेवरची अमेरिकन मुलगी एकटीने आपला तंबू लावून, स्वयंपाक करून, पुस्तक उघडून बसलेली असते आणि अधूनमधून काळजीने इकडे बघते. रात्री अंताक्षरी रंगात येते, पण पार्कचा नियम असा की अकरा ते सहा शांतता. ‘म’ वर आलेला संघ पावणेअकराला हरतोय हे बघून प्रतिपक्ष वेळ काढायला लागतो. अकराला सगळे झोपतात आणि रकून उठतात. रकून हा मांजरापेक्षा मोठा, हातांनी झाकणं उघडणारा प्राणी. कूलर गाडीबाहेर ठेवलेला असेल तर सकाळी श्रीखंडाचा डबा झाडाखाली मिळतो. चिवडा त्याला आवडत नाही असं दिसतं, किंवा कदाचित तिखट लागला असावा.

तिथून अर्ध्या तासाच्या आत विस्कॉन्सिन डेल्स. नदीकाठचे सुंदर वालुकाश्म आणि त्यांच्याभोवती वॉटरपार्कांचा महापूर. दुसऱ्या महायुद्धातली पाण्या-जमिनीवर चालणारी लष्करी वाहनं इथे पर्यटकांना हिंडवतात, त्यांना डक म्हणतात. पण डेल्सची खरी शान स्टँड रॉक. १८८६ मध्ये एच. एच. बेनेट या छायाचित्रकाराने आपल्या मुलाला कडा आणि या सुळक्यामधल्या फटीवरून उडी मारायला लावली आणि ती हवेतच टिपली. त्या काळात उडता माणूस स्पष्ट पकडणारा कॅमेरा दुर्मीळ, बेनेटने त्यासाठी स्वतः वेगवान शटर बनवलं होतं. पुढे माणसांना ती उडी मारू देईनात. आता बोटीतून आलेल्या पर्यटकांसमोर एक प्रशिक्षित कुत्रा तीच उडी मारतो, खाली जाळी असते. सगळे टाळ्या वाजवतात. घरातले ज्येष्ठ उभे राहून बघतात, आणि साहस कुत्रा करतो.

हिवाळ्यात हे सगळं थांबेल असं वाटतं, तसं होत नाही. शिकागोपासून दीड तासावर विलमॉट माउंटन हे स्कीइंगचं ठिकाण आहे, उतार २३० फूट. २०१६ मध्ये ते व्हेल रिसॉर्ट्सने विकत घेतलं, म्हणजे कोलोरॅडोच्या जगप्रसिद्ध व्हेलचे मालक. २३० फूट खाली यायला मिनिटभरही पुरतं, वर जायला लिफ्टची रांग. इथे शिकलेली मुलं पुढे मोठ्या डोंगरांवर छान स्की करतात. त्यांच्या पायांना रांगेत उभं राहण्याचं वळण आधीच लागलेलं असतं.

जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा स्टार्व्ह्ड रॉककडे गाड्या वळतात. नदीवरच्या धरणाखालचं खळाळतं पाणी गोठत नाही, त्यामुळे उत्तरेकडचे बाल्ड ईगल मासे धरायला इथे जमतात. धबधबे मात्र गोठून निळे खांब होतात आणि त्यावर परवानगी घेऊन लोक कुऱ्हाडी मारत चढतात. या मोसमात बाबा भारतात परतलेले असतात. मुलगा कानटोपी, दोन जाकिटं, हातात गरम पाकिटं अशा थाटात काठावर उभा राहून त्यांना व्हिडिओ कॉल लावतो. मागे दुर्बिणी लावलेले शंभरेक लोक.

“गरुड दिसला का रे?”

“हो बाबा. समोरच्या झाडावर.”

“काय करतोय?”

“बसलाय.”

“आणि तुम्ही?”

“आम्ही बघतोय.”

“उणे किती आहे तिकडे?”

“वीस.”

पुण्यातून थोडा वेळ आवाज येत नाही. मग आईचा हात मध्ये येतो, मोबाइल हिसकावला जातो, आणि कानटोपी कानांवर नीट ओढली आहे का, हे आधी कॅमेऱ्यात दाखव म्हणून फर्मान सुटतं.